चाक नसताना दाबलेला ब्रेक

पायडल थांबवून ती सायकल नुसती घरंगळू दिली की मागच्या चाकातून किर्रर्र असा बारीक, एकसारखा आवाज येतो. संध्याकाळी माळावर गवतातले किडे ओरडतात, तसा. तो आवाज नुसता आठवला तरी ते सगळं प्रकरण माझ्यासमोर उभं राहतं. मग वाटतं, आपण एका लांबलचक उताराच्या तोंडाशी उभे आहोत, खाली सगळं धुकं आहे आणि त्या धुक्यात कुणीतरी आपली वाट बघतंय.

मी पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्याला बरीच वर्षं झाली. नांदेडला राहतो. अगदी परवापर्यंत दर रविवारी सकाळी मी अंगणात गोणपाट अंथरून ती सायकल पुसत बसायचो. जाड टायरांची, डोंगर उतरायची सायकल. माझं वय बघून शेजारी विचारायचे, "काय साहेब, नातवाची का?" मी हो म्हणायचो. तेही खोटंच. मला नातू नाही. ती सायकल माझ्या नोकरीतल्या एका गुन्ह्यातला मुद्देमाल होती. त्या गुन्ह्याच्या कागदांवर माझ्या सहीनं जे लिहिलेलं आहे ते खरं नाही. खरं काय ते इथे लिहितो. नाव कुणाचंच लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल.

तेव्हा माझी नेमणूक लातूर जिल्ह्यातल्या एका ठाण्यात होती. निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. एका सकाळी एक तरुण सायकल चोरीची फिर्याद घेऊन आला. सायकल चोरी म्हटलं की ठाणे अंमलदार मान वर करत नाही. पण या मुलानं टेबलावर एक फाईल ठेवली. फ्रेमचा नंबर, चारी बाजूंनी काढलेले फोटो, आणि एक वही.

"ही कशाची वही?" मी विचारलं.

"देखभालीची, सर. किती तास चालवली, कुठं चालवली, काय बदललं, सगळं लिहिलंय. दर पन्नास तासांनी पुढच्या फोर्कचं तेल बदलावं लागतं. आता वेळ झालीच होती."

आमचे हवालदार वयानं माझ्याएवढेच आणि तोंडानं फटकळ. ते फोटो निरखत म्हणाले, "साहेब, ही सायकल हाय का इमान? आमच्या मोटरसायकलचं तेल दोन वर्षं झालं, बदललं न्हाई."

मुलगा हसला नाही. तो बँकेत नोकरीला होता. आई नव्हती, घरी तो आणि वडील दोघंच. वडील निवृत्त शिक्षक. पूर्ण तालुका त्यांना 'सर' म्हणायचा. सायकल घरातल्या हॉलमध्ये, भिंतीला टेकवून ठेवलेली असायची. मुलगा बँकेत गेला असताना दुपारी ती गेली. सर आतल्या खोलीत झोपले होते, त्यांना काही कळलं नाही. कडी-कुलूप शाबूत. किल्ली कुंडीखाली असायची.

"किल्लीची जागा कुणाकुणाला माहीत आहे?"

"घरातल्यांना. आणि सायकलच्या मिस्त्रीला. पण त्याचं नाव नका घेऊ सर. तो माझा उस्ताद आहे. त्यानं हात लावला नाही तर मी ती सायकल डोंगरावर नेतसुद्धा नाही."

आमच्या खात्यात एक सवय असते. फिर्यादी ज्याच्याबद्दल 'त्याचं नाव नका घेऊ' म्हणतो, त्याच्या नावाखाली आम्ही आधी रेघ ओढतो. दहापैकी सात वेळा ती रेघ बरोबर निघते. उरलेल्या तीन वेळांचं काय होतं, याचा विचार मी छत्तीस वर्षांत केला नव्हता.

चौथ्या दिवशी खबर आली. आमचा खबऱ्या भंगारवाल्यांमध्ये ऊठबस असलेला माणूस. ठाण्यासमोरच्या हॉटेलात माझ्याशेजारी बसून बशीत चहा ओतत म्हणाला, "साहेब, औसा रोडला त्यो मिस्त्री हाय ना, त्याच्या मागल्या खोलीत एक दांडगी सायकल खोलून ठिवलीया. पांढऱ्या चादरीवर. रोज शटर लावून करत बसतोय कायतरी."

"तू पाहिलीस?"

"पंक्चर काढायला गेल्तो. फटीतून बघितली. देवाचं सामान मांडल्यागत मांडलंय सगळं."

दोन पंच घेऊन आम्ही गेलो. दुकान पत्र्याचं, मागं एक खोली. खबऱ्यानं सांगितलं ते शब्दशः खरं होतं. धुतलेली पांढरी चादर आणि तिच्यावर सायकलचा एकेक भाग. दोन्ही चाकं, साखळी, धक्के झेलणारा मागचा शॉक, त्याच्या रबरी कड्या ओळीनं, प्रत्येक बोल्ट ज्या भोकातून काढला त्या क्रमानं. वरच्या पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप खाली आली होती आणि तिच्यात ते सगळं चमकत होतं. एका पंचानं तर चपला बाहेर काढल्या.

फ्रेमवरचा नंबर जुळला. मी पंचनाम्यात लिहून घेतलं की आरोपीनं सायकलचे सुटे भाग करून विल्हेवाट लावण्याची तयारी चालवली होती. भागांची यादी करताना फोटोंशी ताडून पाहिलं, तर एकच गोष्ट कमी भरली. पुढचं चाक जागेवर धरून ठेवणारा एक्सल, वीतभर लांबीची काळी दांडी. 'मिळून आला नाही' असं लिहून मी पुढं गेलो.

मिस्त्री चाळिशीचा, किडकिडीत माणूस. पळाला नाही, ओरडला नाही. इतकंच म्हणाला, "साहेब, न्यायचीच आसंल तर चादरीसकट न्या. बोल्ट मिसळतील."

आम्ही चादरीचं गाठोडं बांधलं. बोल्ट मिसळले.

चौकशी दोन दिवस चालली. तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली होती. तोवर पेपरात फोटो येऊन गेला होता. मधे मिस्त्री, तोंडावर काळं फडकं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हवालदार. फडक्याचा उपयोग नव्हता. त्याच्या हातांवरून अख्ख्या औसा रोडनं त्याला ओळखलं.

"कुणी दिली सायकल?"

"दिली एका मानसानं."

"त्याचं नाव?"

"न्हाई सांगता येणार साहेब. जबान दिलीय."

"चोराला जबान देतोस?"

"चोर न्हाई त्यो."

"मग खोलली कशाला?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "पन्नास तास भरले व्हते ना तिचे. तेल बदलायला न्हाई खोलायची तर कशाला खोलायची?"

मला ते उत्तर उद्धट वाटलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. एकच. त्याच्या डोक्यावरची टोपी कोपऱ्यात जाऊन पडली. तो उठला, टोपी उचलली, झटकली, पुन्हा घातली आणि खाली बसला. स्टेशन डायरीत या थपडेची नोंद नाही. त्या दोन दिवसांची बाकी सगळी नोंद आहे, त्यानं किती वाजता चहा घेतला तेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वेगळीच अडचण उभी राहिली. फिर्यादीकडून सायकलची ओळख पटवायची होती, आणि आमच्याकडे होतं ते गाठोडं. मुद्देमाल कारकून म्हणाला, "साहेब, निदान चाकं तरी बसवून ठेवतो." भला माणूस. त्यानं आधी एका बाटलीतून सगळ्यावर तेल सोडलं, गंज चढू नये म्हणून. मग चाक बसवायला गेला, तर पुढचं चाक आत जाईना. ब्रेकच्या दोन पट्ट्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की मधे पोस्टकार्डसुद्धा गेलं नसतं. शेवटी मी म्हणालो, "आणा रे त्याला बाहेर. त्यानंच खोललीय, तोच जोडेल."

ठाण्याच्या मागच्या आवारात कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या सावलीत चादर पुन्हा अंथरली. मिस्त्रीची बेडी काढली. त्यानं पहिल्यांदा चाकाच्या पोलादी चकतीला नाक लावलं आणि कळवळून म्हणाला, "तेल? डिस्कला तेल सोडलं कुणी?"

कारकुनानं हळूच हात वर केला.

"साहेब, मला अजून एक मारा, पण हे असलं करू नका. ही चकती म्हंजी ब्रेक हाय. हिला बोटसुद्धा लावत नसतेत. त्यो दादा असल्या ब्रेकवर उतारावर गेला असता म्हंजी?"

त्यानं दुकानातून काय काय मागवलं. स्पिरिट, एक बारका पंप, जुनी धुतलेली बनियन, आणि न मिळालेल्या एक्सलच्या जागी घालायला दुसरा एक्सल. मग कामाला लागला. त्या दुपारची मला अजून स्वप्नं पडतात. वारा पडला होता. निंबाची पिवळी पानं एकेक करून चादरीवर उतरत होती आणि तो प्रत्येक पान न चिडता उचलून बाजूला ठेवत होता. मिसळलेले बोल्ट त्यानं तळहातावर घेऊन, डोळे मिटून, नुसत्या स्पर्शानं वेगळे केले. चकत्या स्पिरिटनं चारदा पुसल्या. साखळीच्या एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडला आणि मग, सोडलेलं सगळं तेल बनियननं पुसून घेतलं.

"पुसायचं होतं तर सोडलं कशाला?" हवालदारांनी विचारलं.

"तेल आत पाहिजे, जमादार. वरचं तेल नुसती धूळ वढतंय."

हळूहळू अख्खं ठाणं बाहेर येऊन उभं राहिलं. वायरलेसवाला दारात, महिला शिपाई खिडकीत, तक्रार द्यायला आलेली दोन माणसं पायरीवर. ते सगळं जणू पाण्याखाली चाललं होतं. मागचा शॉक बसवल्यावर त्यानं तो बारका पंप लावला, काट्याकडे बघत थोडी हवा भरली, थोडी सोडली, पुन्हा भरली.

"किती भरायची हे कसं कळतं?" मी विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

"चालवणाऱ्याच्या वजनावर साहेब. त्यो दादा लई हलका हाय. जास्त भरली तर दगडावर उडंल, कमी भरली तर खाली आदळंल. एकाची हवा दुसऱ्याला चालत न्हाई."

मग तो पुढच्या ब्रेककडे वळला. प्लास्टिकची एक चपटी पट्टी त्या चिकटलेल्या पट्ट्यांमध्ये घालून अगदी हलक्या हातानं त्या मागं सारायला लागला. आणि पहिल्यांदाच जरा हसला.

"चाक नसताना लिव्हर दाबली की असं होतंय. मधे चकती न्हाई, मग हे दोघं एकमेकाला गच्च धरून बसतेत. जीपमधी टाकताना दाबली आसंल तुमच्यापैकी कुणी. तुम्हीबी तेच केलं बगा."

"तुम्हीबी म्हणजे? आणखी कुणी केलं होतं?"

त्याचे हात थांबले. एक पान त्याच्या खांद्यावर पडलं. ते त्यानं उचललं नाही.

मी पुढं काही विचारलं नाही. गरज नव्हती. सायकल त्याच्याकडे आली तीच पुढचं चाक काढलेली. म्हणजे कुणी चालवत आणली नव्हती, गाडीत घालून आणली होती. मिस्त्रीकडे गाडी नव्हती. फिर्यादी स्वतः सायकल गाडीतून डोंगरापर्यंत न्यायचा, पण त्याच्या वहीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं: चाक काढल्यावर ब्रेकमध्ये पट्टी घालणे. त्याच्याकडून ही चूक झाली नसती. ज्यानं चाक काढताना शेकडो वेळा बघितलं, पण स्वतः कधी काढलं नाही, अशा माणसाची ती चूक होती.

दुसऱ्या दिवशी फिर्यादी बँकेत असताना मी साध्या कपड्यांत, एकटाच सरांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं. मी म्हणालो, "सर, तुमच्या गाडीची डिकी बघायची होती."

त्यांनी किल्ली आणून दिली. जुनी, छोटी गाडी. डिकीतला गालिचा उचलला. खालच्या खोबणीत वीतभर लांबीची काळी दांडी पडलेली होती. पंचनाम्यात जो मिळून आला नव्हता, तो एक्सल.

सर पायरीवर बसले. मीही बसलो.

"तीस वर्षं मी भूगोल शिकवला," ते म्हणाले. "उतार म्हणजे काय, हे मुलांना नकाशावर रेषा काढून दाखवलं. तो मागच्या वर्षी पडला, दोन दिवस बेशुद्ध होता. उठल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल? सायकलला लागलं का. या महिन्यात एक दिवस त्याला न सांगता त्याच्या मागं माळावर गेलो आणि तो उतरतो तो उतार बघितला. साहेब, तो उतार नाही. तो कडा आहे."

"मिस्त्रीला काय सांगितलं?"

"मोडून टाक म्हणालो. तुकडे करून वीक, मला परत दिसू देऊ नकोस. आणि माझ्या मुलाला कधी सांगू नकोस. तो नाही म्हणत होता. मग मी त्याच्या दुकानात बसून रडलो. तेव्हा त्यानं शब्द दिला."

"तो कोठडीत आहे, हे माहीत आहे ना?"

"पेपर येतो आमच्याकडे."

"मग आला का नाहीत ठाण्यात?"

"दोन दिवस रोज सकाळी कपडे घालून बसतो. चप्पल पायात घालवत नाही." मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "त्याला कळलं तर तो घर सोडून जाईल. मला दुसरं कुणी नाही, साहेब."

आतापर्यंत मी स्वतःला सांगत आलो की त्या म्हाताऱ्या बापाची दया येऊन मी पुढचं केलं. ते अर्धंसुद्धा खरं नाही. दया आली होती. पण फोटो छापून आला होता. निर्दोष माणसाला अटक केली, मारहाण केली, असं वर गेलं असतं तर निवृत्तीच्या तोंडावर माझी खातेनिहाय चौकशी लागली असती. सरांच्या विनवणीआड लपायला मला सोयीची जागा मिळाली आणि मी लपलो.

खरं म्हणजे काम सोपं होतं. गैरसमजातून गुन्हा नोंदला गेला, सायकल घरातल्याच माणसानं नेली होती, असा अहवाल कोर्टात द्यायचा. त्यासाठी 'क' समरी असते. मिस्त्री त्यानं स्वच्छ झाला असता. मी 'अ' समरी पाठवली. गुन्हा खरा, आरोपी निष्पन्न नाही. कुणा अनोळखी इसमानं सायकल दुकानात टाकली असावी, आणि मिस्त्रीविरुद्ध पुरेसा पुरावा मिळाला नाही. 'पुरेसा' हा एक शब्द मी विचार करून घातला होता. त्या एका शब्दामुळे माणूस सुटतो, पण सुटत नाही.

सायकल ताब्यात घ्यायला फिर्यादी आला. आवारातच तिच्यावर बसून त्यानं एक फेरी मारली. पायऱ्यांवरून खाली उतरवली. परत आला तेव्हा त्याचा चेहरा विचित्र झाला होता.

"सर, एक विचारू? ही इतकी छान कधीच चालली नव्हती. चोरानं ती इतकी चांगली का करून ठेवावी?"

तो सत्यापासून एक पाऊल लांब उभा होता. मी रजिस्टर त्याच्यापुढं सरकवत म्हणालो, "विकायची असेल. इथं सही करा."

त्यानं सही केली.

पुढचं मला कळत गेलं, कारण मी कळून घेत होतो. मिस्त्रीच्या दुकानी सायकलवाली पोरं जायची बंद झाली. पुराव्याअभावी सुटलेला, असं त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचे. फिर्यादी रस्त्यात दिसला तर मान फिरवायचा. वर्षभरात दुकानाचं शटर कायमचं खाली आलं आणि मिस्त्री बायकोच्या माहेरी, रेणापूरच्या पुढच्या एका गावात, फवारणीचे पंप दुरुस्त करायला लागला. मी निवृत्त झालो. निरोप समारंभात शाल मिळाली. एका वक्त्यानं 'निष्कलंक सेवा' असं म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

काही वर्षांनी नांदेडच्या एका सायकलच्या दुकानात ती मला दिसली. जुनी म्हणून विकायला ठेवलेली. मी खाली वाकून फ्रेमवरचा नंबर बघितला. तो मला पाठ होता. लातूरच्या कुणा मुलानं विकली, असं दुकानदार म्हणाला. "कुणावर भरवसा ठेवून डोंगर उतरायचा, म्हणत होता."

मी ती घरी आणली.

चालवली फारशी नाही. दोनदा कंधारच्या वाटेवर गेलो, एका चढावर छाती भरून आली आणि परत फिरलो. पण सांभाळली. त्या दुपारी निंबाखाली जे बघितलं होतं तेवढंच मला येत होतं. चकतीला बोट लावायचं नाही. तेल सोडून पुसायचं. टायरमधलं पंक्चर बुजवणारं पांढरं दूध सुकलं की नवं भरायचं. चालवली नसली तरी फोर्क उघडून तेल बदलायचं, कारण उभ्या सायकलचंही तेल म्हातारं होतं. तिच्याशेजारी बसलं की दिवस कसा जायचा कळत नसे. चाक फिरवून सोडायचं, आणि तो किर्रर्र आवाज हळूहळू मंद होत थांबेपर्यंत ऐकत राहायचं. कधीकधी वाटायचं, आता चाक थांबलं की समोर तो माणूस बसलेला असेल, टोपी झटकत.

या वर्षी पेपरात सरांच्या निधनाची बातमी वाचली. पेपर घडी करून ठेवला आणि लक्षात आलं की आता माझ्यापाशी कुणाचं निमित्त उरलं नाही.

मी सायकल गाडीत घातली. पुढचं चाक काढलं, ब्रेकमध्ये पट्टी घातली, आणि रेणापूरच्या पुढच्या त्या गावाला गेलो. तो झाडाखाली एका पंपाचा नोझल साफ करत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग डिकीकडे. उठून आला आणि आधी वाकून ब्रेक बघितला.

"पट्टी घातलीत," तो म्हणाला.

"तुम्हीच शिकवलं होतं."

घरातून पाणी आलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. डिकीत सापडलेला एक्सल, 'पुरेसा' हा शब्द, फिर्यादीचा प्रश्न आणि त्यावरचं माझं उत्तर. सर गेले, हेही सांगितलं. ते ऐकून त्यानं हातातला नोझल खाली ठेवला.

"लई रडले व्हते त्या दिवशी," तो म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्यागत दिसत व्हते."

"तुम्ही मला का नाही सांगितलं? निदान कोर्टात?"

"जबान दिल्ती ना." आणि जरा वेळानं, "आन मला वाटलं, साहेब शाना मानूस हाय, त्यालाच कळंल. तुमाला कळलंबी व्हतं. त्या दिवशी झाडाखाली तुमचं तोंड बघितलं म्या."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

मी म्हणालो की हे सगळं लिहून काढतो, सहीनिशी अधीक्षक कार्यालयाला देतो, छापायलाही देतो. तुमचं पूर्ण नाव घालतो. त्यानं मान हलवली.

"नाव नका लिहू साहेब. ज्यांनी मला चोर म्हटलं त्या सगळ्यांना नाव ठावं हाय. चोर नव्हता, एवढं लिहा. त्यांचं त्यांना कळंल." मग पुन्हा नोझलमध्ये तार घालत म्हणाला, "आन ती थप्पडबी लिहा. ऱ्हाईल न्हाई तर."

लिहिली आहे. अर्ज दिला आहे, त्याची पोच माझ्याकडे आहे. चौकशी लावली तर हजर राहीन.

त्यानंतर लातूरला फिर्यादीच्या घरी गेलो. सरांचा फोटो भिंतीवर, बरोबर जिथं सायकल टेकवलेली असायची तिथं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. वडिलांबद्दल एक शब्द बोलला नाही. मलाही काही बोलला नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. शेवटी एवढंच विचारलं, "शॉकमध्ये हवा त्यानं मोजून भरली होती?"

"हो. तुमच्या वजनाला."

तो उठून आत गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "गाव कुठलं म्हणालात?"

गेल्या रविवारी आम्ही दोघं सायकल गाडीत घालून त्या गावाला गेलो. मी मुद्दाम मागं, गाडीपाशीच थांबलो. नोकरीत असताना मी एक गोष्ट पक्की धरून होतो. माणूस गप्प बसला म्हणजे त्याच्या मनात पाप आहे. कोठडीत मी त्या गप्प बसण्याला पुरावा समजलो. आता कळतं की त्या प्रकरणात आम्ही दोघं गप्प बसलो होतो. तो दुसऱ्यासाठी, मी स्वतःसाठी. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं. ते वेगळं ओळखायचं, हेच माझं काम होतं, आणि त्याचाच मला पगार मिळत होता.

झाडाखाली फिर्यादी मान खाली घालून उभा होता. मिस्त्री सायकलभोवती एक चक्कर मारून आला. साखळीवरून चिंधी फिरवली, चिंधी बघितली, आणि लांबूनच माझ्याकडे बघून मान डोलावली. मग त्यानं मुलाला सायकलवर बसायला लावलं, हँडल धरलं, आणि मागचा शॉक किती दबतो ते वाकून बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "वजन वाढलं तुमचं. थांबा, हवा भरावी लागंल." आणि पंप आणायला आत गेला.